भोंग्याची रेघ

आमच्या घरात पत्रकं पायाखाली होती. वर निळ्या चौकड्यांचं प्लास्टिकचं कार्पेट, खाली शहाबादी फरशी आणि दोहोंच्या मध्ये बाबांच्या युनियनची वाटून उरलेली पत्रकं. शेजारीपाजारी कार्पेटखाली जुनं वर्तमानपत्र घालायचे. आमच्याकडे वर्तमानपत्र एकच यायचं आणि पत्रकं मात्र ढिगाने असायची, म्हणून आम्ही तीच घालायचो. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात होते. युनियनचं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि स्वस्त गुलाबी कागदावरचा त्यांचा मजकूर मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता.

आमची वसाहत काळ्या मातीवर उभी होती. पाऊस लागला की ती माती फुगायची आणि घरं खालून पाणी ओढायची. श्रावणात कार्पेट उचललं की खाली गुलाबी लगदा निघायचा. तो खरवडला की फरशीवर बाबांची अक्षरं उलटी उमटलेली दिसायची. आई तारेची घासणी घेऊन बसायची आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायची, "अहो, तुमची एकजूट काही केल्या निघत नाही!"

बाबांच्या प्रत्येक पत्रकात एक प्रश्न असायचाच: यात फायदा कोणाचा? मी तो प्रश्न घरभर विचारत फिरायचे. दूधवाल्याने मापाच्या वर स्वतःहून चार थेंब जास्त ओतले, तर आज दूध पाणचट असणार असं मी जाहीर करायचे. डॉक्टरांनी औषध बदललं की मला औषधाच्या दुकानदाराचा संशय यायचा. आई म्हणायची, ही पोरगी देवळात प्रसाद मिळाला तरी आधी वास घेईल. मला ते कौतुकच वाटायचं.

आई गोधड्या शिवायची. लोक आपल्या जुन्या साड्या आणून द्यायचे आणि आई त्यांचे थर जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवून, स्वतः त्या कापडावर बसून कडेपासून मध्यापर्यंत टाके घालत जायची. गोधडीला पलंग चालत नाही, टेबल चालत नाही. ताण धरायला सपाट, कडक जमीनच लागते. खाली प्लास्टिक घातलं की सुई त्यात अडकते आणि कापड सरकतं, त्यामुळे शिवायला बसताना ती कार्पेट गुंडाळून ठेवायची आणि उघड्या शहाबादीवर काम करायची. तिची मोठी गिऱ्हाइकं देवळाली कॅम्पातली, फौजी घरं. तिथल्या बायकांना थंडीच्या आधी गोधडी हवी असायची, म्हणजे शिवणार कधी, तर नेमकी भर पावसाळ्यात.

एका वर्षी कॅम्पातल्या सुभेदारीणबाईंनी दोन गोधड्या परत केल्या. त्या उत्तरेकडच्या होत्या, आईला दीदी म्हणायच्या. त्यांनी गोधडी उलगडली नाही की टाके बघितले नाहीत. नुसती नाकाशी धरली.

"दीदी, इसमें सीलन की बास है."

"उन्हात घातली होती दोन दिवस," आई म्हणाली.

"ऊपर से सूखी है. अंदर से नहीं."

परतीच्या बसमध्ये आई त्या दोन गोधड्या मांडीवर घेऊन बसली होती. नाशिकरोड आल्यावर एवढंच म्हणाली, "बाई खरं बोलली. पुढच्या वर्षी असंच झालं तर कॅम्प गेला हातचा." कॅम्प गेला म्हणजे आईचं काम गेलं, हे मला सांगायला लागलं नाही. वसाहतीतल्या बायका तिच्याकडून गोधडी शिवून घेत नव्हत्या. त्या आता दुकानातून फुलाफुलांची ब्लँकेटं आणत होत्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुढच्या खोलीची जमीन बदलायचं ठरलं. दोन हजार साल उलटून गेलं होतं, मी कॉलेजात होते आणि मुंबई नाक्याकडे आरशासारख्या टाइल्सची दुकानं एकामागून एक उघडत होती. बाबांना ती दुकानं बघूनच राग यायचा. त्यांचं मत कोट्याच्या बाजूने होतं. कोटा म्हणजे दगड, दगड फसवत नाही. आई म्हणाली, शहाबादी पण दगडच आहे ना, त्याने काय केलं?

आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने चकचकीत दुधी टाइल खाली मांडली, तिच्यावर आपल्या कपातला चहा ओतला आणि फडक्याने पुसून दाखवला.

"बघा मॅडम, डाग नाही, ओल नाही. पाणी पितच नाही ही."

"चहा वरून पडतो," मी म्हणाले. "आमचं पाणी खालून येतं. ते दाखवा."

तो हसला. त्या हसण्यानंतर मी त्याचं एकही वाक्य खरं मानलं नाही. बाबांनी विचारलं, ही जिथे बनते तिथले कामगार कायम आहेत की कंत्राटी?

"काका, मी फरशी विकतो हो."

"तेच विचारतोय. कोणाची विकता?"

"तुमच्या दोघांची चौकशी झाली असेल तर मी जरा बघू का?" आई म्हणाली. तिने चपला काढल्या, पदराला कायम टोचलेली सुई काढली आणि दुधी टाइलवर टाकली. सुई चकाकीत बुडाली. वाकून बघितलं तरी दिसेना, बोटांनी चाचपून काढावी लागली. मग तिने ती बारीक ठिपक्यांच्या टाइलवर टाकली. तिथेही तेच. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. आई अनवाणी पायांनी एकेका नमुन्यावर जाऊन सुई टाकत, शोधत होती आणि शेवटी कोपऱ्यातल्या एका मातकट, विटकरी, अजिबात न चकाकणाऱ्या टाइलपाशी थांबली. तिच्यावर सुई पडल्याबरोबर दिसली. पायही सरकत नव्हता.

"मॅडम, ती बाथरूमची आहे. हॉलमध्ये कोण घालतं?"

"मी."

दुकानदार लगेच तयार झाला. घासाघीस नाही, काही नाही. बाहेर आल्यावर मी आईला म्हणाले, एवढ्या पटकन दिली म्हणजे जुना पडून राहिलेला माल असणार. आई म्हणाली, "मग काय झालं? माझ्याकडच्या साड्या पण जुन्याच असतात."

पण टाइल ही वरची गोष्ट. ओल अडवायची होती ती खाली. त्यासाठी ठेकेदार बघितला. पिंपळगावकडचा, सफारीतला, सतत सुपारी चघळणारा माणूस. खोली बघून म्हणाला, "वहिनी, ही हवेची ओल हाय. खिडकी उघडी ठेवत जा."

आईने स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं आणि खोलीच्या मध्ये फरशीवर पालथं घातलं. "चहा घ्या तोवर," म्हणाली. अवकाळी पाऊस नुकताच झाला होता, माती ओलीच होती. चहा झाला, वर पुढच्या बांधकामांच्या गप्पा झाल्या, तेव्हा तिने ताट उचललं. आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते.

"आता सांगा, ताटाच्या आत खिडकी कुठे उघडू?"

ठेकेदाराने ताट हातात घेऊन आतून बघितलं. मग त्याने काम नीट समजावून सांगितलं. जुनी फरशी काढायची, काळी माती खोल उकरून मुरूम भरायचा, वर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मग वाळू, वाळूवर जाड प्लास्टिकचा कागद आणि कागदावर काँक्रीट. पाणी वर येईल ते कागदाशी अडेल. टाइल त्याच्यावर. बाबांनी त्याच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. मी मनात ठरवलं, हा माणूस कागद घालणार नाही.

म्हणून काम सुरू झाल्यापासून मी दारात खुर्ची टाकून बसले. मुरूम आला, तो हातात घेऊन बघितला. प्लास्टिकचा कागद आला, तो ताणून बघितला. ठेकेदार बिगाऱ्यांना म्हणाला, "नीट करा रे, ताई इन्स्पेक्टर हाय." बिगारी हसले, मी नाही हसले.

काँक्रीटच्या दिवशी वाळूचा टेम्पो उशिरा आला. काम दुपारनंतर सुरू झालं. कागद अंथरत जायचा आणि पाठोपाठ काँक्रीट ओतत जायचं, असं भिंतीकडून दाराकडे चाललं होतं. बाबा पहिली पाळी करून आले होते आणि ओट्यावर बसून बघत होते. निम्मी खोली झाली असेल, तेव्हा कारखान्यांचा संध्याकाळचा भोंगा झाला. बाबा उठले.

"चला, हात धुवा सगळ्यांनी. झाली वेळ."

ठेकेदाराला वाटलं, गंमत करतायत. "भाऊ, तासाभराचं काम राह्यलं. माल कालवलेला हाय."

"सकाळी आठपासून ही माणसं इथे आहेत."

"वाळू आली नव्हती म्हणून बसून व्हते ना ते."

"वाळू आली नाही यात त्यांचा काय दोष? हा एक तासच तर प्रत्येक मालक मागतो. आज तुम्हाला दिला तर उद्या दुसरा मागतो, परवा पुन्हा तुम्ही मागता."

"मी काय मालक हाय का? मी पन घाम गाळतो."

"मग तुम्हीही धुवा हात."

बिगारी एकमेकांकडे बघत होते. मग एकाने घमेलं खाली ठेवलं, पाठोपाठ दुसऱ्याने. मला इतका अभिमान वाटला की मी आत जाऊन आईला सांगितलं, बाबांनी आत्ता आपल्याच घरात काम बंद पाडलं. आई पोळ्या लाटत होती. "आपल्याच घरात ना?" एवढंच ती म्हणाली. बाहेर ठेकेदाराने तोंडातली सुपारी थुंकली, थापीने काँक्रीटची कड सरळ कापली, कागद त्या कडेला तोडला आणि कालवलेला माल अंगणात ओतून दिला. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती आणि बाबांची पाळी. संध्याकाळी परत आलो तेव्हा खोली पूर्ण झाली होती, सपाट आणि करडी.

टाइल्स बसल्या. विटकरी जमिनीवर आमचं जुनं सामान एकदम गरीब दिसायला लागलं. कार्पेट आईने अंगणातल्या लाकडांवर टाकलं.

पाऊस लागल्यावर आईने पालथ्या ताटाची पाहणी सुरू केली. रोज सकाळी एका नव्या जागी ताट घालायचं आणि स्वयंपाक आटोपला की उचलायचं. भिंतीपाशी कोरडं. खिडकीखाली कोरडं. मीसुद्धा खूष व्हायला लागले होते. आषाढाच्या मध्यावर मी कॉलेजातून आले, तर आई गोधडीच्या खुणा करायचा खडू घेऊन जमिनीवर बसलेली.

"काय करतेस?"

"हे बघ."

जिथे जिथे ताटाच्या आत थेंब सापडले, तिथे तिने खडूने टिंब काढलं होतं. टिंबं विखुरलेली नव्हती. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, खोलीच्या अगदी मधून, ती एका सरळ रेषेत होती. त्या रेषेवर अंथरलेल्या अर्धवट गोधडीचा खालचा थर उलटा करून तिने माझ्या गालाला लावला. गार लागला. आणि तोच वास आला, जुन्या पत्रकांचा.

"कॅम्पाच्या किती आहेत या वेळी?" मी विचारलं.

"सगळ्या इथेच अंथरायच्या आहेत," आई म्हणाली.

मी त्याच दुपारी पत्रक लिहायला घेतलं. 'वसाहतीतील नागरिकांनो, सावध!' या माणसाने मधल्या पट्ट्यात कागद खाल्ला, तुमच्या घरातही खाईल, त्याला काम देऊ नका, असा मजकूर. नावानिशी. बाबांनी चष्मा लावून वाचलं. 'कागद खाल्ला'च्या जागी 'साहित्यात काटकसर केली' केलं, शेवटी यात फायदा कोणाचा हे वाक्य घातलं आणि म्हणाले, "छापण्याआधी त्याला एकदा समोर बोलावू. आरोपीला ऐकून घ्यायला हवं."

ठेकेदार आला. आईची खडूची टिंबं त्याने उभ्या उभ्या बघितली आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून आवडलेलं नाही.

"ही रेघ माझी नाय, भाऊ. ही तुमच्या भोंग्याची हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमी हात धुवायला लावले ना, ती ही जागा. रात्रीत ती कड सुकली. सुकलेल्या कडेला दुसऱ्या दिवशीचं काँक्रीट चिकटत नाय. तिथं चीर राहती, चिरंतून पानी येतं. म्हनून एकटाकी ओततात. तवा सांगायला गेलो तर मला मालक केला तुमी."

बाबांनी चष्मा काढला. माझ्या पत्रकाची घडी केली आणि खिशात घातली. पण मी तेवढ्याने सोडणारी नव्हते.

"काँक्रीटला चीर पडली असेल. कागदाचं काय? पाणी तर कागदाने अडवायचं होतं. जुन्या कागदावर नवा वीतभर चढवायला पाहिजे होता की नाही?"

तो सुपारी चघळायचा थांबला. "पाहिजे व्हता."

"मग?"

"मला काय माहीत? घरचे लोकच काम शिकवीत व्हते, म्हनलं त्यांनाच येत आसंल."

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याने मुद्दाम कागदाला कागद नुसता टेकवला आणि वर काँक्रीट ओतून झाकून टाकला, रागाने. की आळसाने, आणि राग आत्ता आठवला? हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही. बाबा त्याच्यावर ओरडले, तो बाबांवर ओरडला. एक म्हणत होता तुम्ही थांबवलंत, दुसरा म्हणत होता तुम्ही जोडलं नाहीत. मी बाबांच्या बाजूने मधेमधे वाक्यं टाकत होते.

आईने गोधडीवरचे पितळी डबे एकेक करून उचलले. कोपरे सुटले तशी गोधडी सैल पडली. ती तिने गुंडाळून पलंगावर टाकली आणि सुई पदराला टोचली.

"रेघ कोणाची का असेना, तिच्यावर बसायचं मला आहे. ज्याने थांबवलं आणि ज्याने जोडलं नाही, त्या दोघांनी मिळून ती उखडायची. जोवर उखडत नाही तोवर मी सुई धरणार नाही. कॅम्पात जाऊन कारणही तुम्हीच सांगा, दोघं जोडीने."

"वहिनी, भर पावसात?"

"ओल पावसातच येते ना? उन्हाळ्यात तुम्ही मला परत खिडकी उघडायला सांगाल."

बाबा म्हणाले, "हा दबाव आहे."

"आहे," आई म्हणाली. "तुमच्याकडूनच शिकले."

पुढच्या रविवारी पट्टा फोडला. ठेकेदार दोन बिगारी घेऊन आला आणि बाबा बनियनवर, हातात छिन्नी-हातोडा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाने छिन्नी धरली की दुसरा हातोडा मारायचा. रेघेच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंद काँक्रीट निघालं. खाली मला बघायचा होता तो कागद दिसला. दोन्ही कडा नुसत्या समोरासमोर ठेवलेल्या होत्या आणि मध्ये बोटभर फट होती. फटीतली वाळू काळी, ओली. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी ठेकेदाराकडे बघितलं, ठेकेदार छताकडे बघत होता.

नवा कागद दोन्हीकडे वीतभर चढवून घातला. मी मोजला. ठेकेदार म्हणाला, "ताई, आता फोटो पन काढा." ओतायला सुरुवात झाली तेव्हा दिवस कलला होता. रविवारी भोंगा होत नाही, पण बाबांना घड्याळ लागत नसे. ते मधेच उभे राहिले. आई दारातच होती.

"त्यांना विचारा," ती म्हणाली. "मागच्या वेळी विचारायचं राहिलं."

बाबांनी विचारलं. एक बिगारी म्हणाला, मी थांबतो. दुसऱ्याला गावाकडची शेवटची बस गाठायची होती, तो म्हणाला, जातो. बाबांनी मान हलवली, त्याच्या हातातलं घमेलं घेतलं आणि रांगेत त्याच्या जागी उभे राहिले. ठेकेदार कालवत होता, त्याने एक घमेलं मुद्दाम शिगोशीग भरलं. बाबांनी ते नेलं.

"जड हाय का, भाऊ?"

"तू कालव."

त्या संध्याकाळी ते दोघं एवढंच बोलले. पट्टा एकटाकी पुरा झाला.

वर बसवायला नव्या टाइल्स आणायला मी दुकानात गेले. सोबत नमुन्याला एक तुकडा नेला होता. दुकानदार म्हणाला, तो लॉट संपला, हीच आहे, थोडी पिवळट. जुना माल होता ना मग? मी विचारलं. त्याने बिलाचं पुस्तक पुढे ओढलं, आणि माझ्यासाठी तेच उत्तर होतं. आमच्या खोलीच्या मधून आता एक फिकट पट्टा जातो. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, हे डिझाइन आहे का? बाबा म्हणतात, हो.

सुकायला दिवस गेले, आईचे टाके उशिरा सुरू झाले. तिने श्रावण-भाद्रपदात पाठ टेकली नाही. मुद्दाम की काय, पण ती नेहमी त्या फिकट पट्ट्यावरच बसायची. ताट रोज शेजारी पालथं.

दसऱ्यानंतर आम्ही गोधड्यांचं गाठोडं घेऊन देवळाली कॅम्पात गेलो. सुभेदारीणबाईंनी पाट दिले, पाणी दिलं. मग सगळ्यात वरची गोधडी बाजूला सारून मधली ओढून काढली. मला ते पटलं, मीही तेच केलं असतं. त्यांनी ती नाकाशी धरली. उलटी करून पुन्हा धरली. आई त्यांच्याकडे बघत नव्हती, आपल्या बांगड्या सारख्या करत होती. बाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तीन जुन्या साड्या होत्या. "ये मेरी सास की हैं. इनकी भी बना दो. सँभाल के, दीदी."

परतीच्या बसमध्ये मी आईला विचारलं, "खरंच वास नव्हता ना? की मागच्या वेळी परत केल्याचं वाईट वाटून बाई या वेळी बोलल्या नाहीत?"

आईने साड्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "तू घे वास. तुझ्याशिवाय कोणावर विश्वास ठेवशील?"

घरी आलो तेव्हा बाबा जेवायचे थांबले होते. फिकट पट्ट्यावर ताट सकाळपासून पालथं होतं. आईने ते उचललं, उजेडाकडे धरून आतून बघितलं, बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. मीही बोट फिरवलं. कोरडं. मग तिने ते विसळलं आणि बाबांना त्याच्यात वाढलं.